अर्धवट उतरलेली दुपार

माझ्या विहीणबाईंनी अख्खी नोकरी एका इंटरनेट कंपनीच्या हेल्पलाइनवर केली, हे लग्न ठरताना आम्हाला कुणी नीट सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी काही लग्न मोडलं नसतं, पण जरा सावध राहिले असते. त्यांच्या घरातली पाण्याचा पाइप फुटला आणि दुरुस्ती होईपर्यंत त्या माझ्याकडे राहायला आल्या. मुलगी आणि जावई दोघंही नोकरीसाठी लांब, त्यामुळे घरात आम्ही दोघीच. पिशवी खाली ठेवायच्या आधी त्यांनी घरभर नजर फिरवली आणि विचारलं, की राउटर कुठे आहे. मी कपाटावरच्या बिस्किटांच्या डब्याकडे बोट दाखवलं. त्यांनी कपाळाला हात लावला.

डबा चांगला मोठा, पत्र्याचा, घट्ट झाकणाचा. धूळ बसू नये म्हणून मी राउटर त्यात ठेवला होता, वायरीपुरती खाच पाडून घेतली होती आणि वर क्रोशाचा रुमाल घातला होता. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. आमच्या बोर्डावर धुळीचा कण दिसला तरी सुपरवायझर अंगावर यायच्या, तेव्हा यंत्राची निगा कशी राखायची हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. विहीणबाई म्हणाल्या, की पत्र्यात कोंडल्यावर त्याच्या लहरी बाहेर येणार कशा, आणि आत तापून तो मरेल ते वेगळंच. हे सगळं अगदी गोड आवाजात. त्या गोड आवाजानेच माझ्या डोक्यात तिडीक गेली.

पण मी मूग गिळून बसले, कारण गरज मला होती.

माझी आई रेडिओवर गोष्टी सांगायची. लहानसं केंद्र होतं, ते बंद पडून जमाना झाला. 'दुपारची गोष्ट' हा तिचा कार्यक्रम. सुरुवातीला नमस्कार नाही, श्रोतेहो नाही. ती एकदम म्हणायची, "सरका थोडं, मलाही बसू द्या." आणि घराघरांतली पोरं खरंच सरकून जागा करायची, असं लोक भेटले की सांगत. आई जाऊनही आता बरीच वर्षं झाली. तिचे फोटो आहेत, चष्मा आहे, एक शाल आहे. आवाज मात्र नाही. अलीकडे माझ्या लक्षात यायला लागलं, की तो मला आठवेनासा झालाय. शब्द आठवतात. म्हातारपणी ती फोनवर हॅलो म्हणायची नाही, "आहेस का गं?" म्हणायची. जणू मी कुठे पळून जाणार होते. हे शब्द पाठ आहेत, पण डोळे मिटून ऐकायला जावं तर ते माझ्याच मनातल्या मनात उमटतात, तिच्या गळ्यातून येत नाहीत. चेहरा विसरला तर फोटो काढून बघता येतो. आवाजासाठी कुठे जायचं, ते मला कळत नव्हतं.

एक कॅसेट होती, ती माझ्या धाकट्या बहिणीकडे. तिच्या घरात ओल आली, कॅसेटला बुरशी लागली, आणि हे तिने मला सांगितलं ते अशा सुरात, की जणू जुनी चादर फाटली असावी. मग मी बोलायचं ते बोलले. तिनेही मागचं सगळं उकरून काढलं. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. माझंच बरोबर होतं, हे मी आजही छातीठोकपणे सांगते. तिचा नंबर फोनमधून काढून टाकलेला नाही, एवढंच.

अशात मुलीने एक लिंक पाठवली. त्या केंद्रावरच्या एका तंत्रज्ञाने केंद्र बंद होताना कचऱ्यात निघालेली रिळं घरी नेली होती. आता निवृत्त झाल्यावर ते एकेक कार्यक्रम कॉम्प्युटरवर चढवून लोकांसाठी मोकळा करत होते. त्यात 'दुपारची गोष्ट' होती, सगळी रिळं एका गाठोड्यात बांधलेली. टॉरेंट म्हणतात त्या पद्धतीची फाइल. ती कुठल्या एका मोठ्या ठिकाणाहून येत नाही. ज्याच्या ज्याच्या कॉम्प्युटरवर तिचे तुकडे असतील त्याच्याकडून थोडे थोडे येतात, आणि आपल्याकडे आलेले आपण पुढच्याला द्यायचे. खाली त्या गृहस्थांनी लिहिलं होतं, 'मशीन माझ्याइतकंच जुनं आहे. चालतंय तोवर चालू ठेवीन.' हे वाचल्यापासून मी तासातासाला लॅपटॉप उघडून बघत होते. गाठोडं पूर्ण उतरल्याशिवाय उघडणार नव्हतं आणि उतरत होतं मुंगीच्या पावलांनी.

विहीणबाईंनी राउटर डब्यातून काढला, रुमाल घडी करून माझ्या हातात दिला आणि वायर थेट लॅपटॉपला जोडली. फरक पडला, नाही असं नाही. मुंगीचं झुरळ झालं. मग त्यांनी चष्मा नाकावर घेऊन टॉरेंटचा प्रोग्रॅम उघडला, इकडे तिकडे दाबून पाहिलं आणि मान वर न करता विचारलं, की बाहेर पाठवायचा वेग जवळजवळ शून्यावर कुणी आणून ठेवलाय.

मीच ठेवला होता. आपलं इंटरनेट, आपण बिल भरतो, ते लोकांना फुकट का वाटायचं? शिवाय बाहेर काही गेलं नाही तर आत जास्त येईल, असा माझा साधा हिशोब. विहीणबाईंनी मला समजावलं, की इथे सगळ्यांकडे अर्धवटच असतं आणि एकमेकांना देत देतच पूर्ण होतं. तुम्ही हात आखडलात की समोरचाही आखडतो, तो आधी देणाऱ्याला देतो. मला ते लागलं. म्हणून मी रागारागाने मर्यादाच काढून टाकली, म्हटलं घ्या, लुटा. संध्याकाळी मुलीचा व्हिडिओ कॉल आला तर ती तोंड उघडं ठेवून गोठली. विहीणबाई म्हणाल्या, की बाहेर जायचा रस्ताच तुम्ही भरून टाकलात, आता आपली मागणीसुद्धा बाहेर पडत नाही. मग त्यांनी थोडी वाट राखून मर्यादा घातली. त्यांच्या सुनेचं तोंड एकदाचं मिटलं आणि आमची फाइल धावायला लागली.

ते दिवस फार बरे गेले. दुपारी जेवणं झाली की आम्ही दोघी लॅपटॉपसमोर बसायचो. एक्स्चेंजमध्ये कशी माणसं भेटायची ते मी सांगायची, हेल्पलाइनवर कशी ते त्या सांगायच्या, आणि दोघींच्या आयुष्यात एकूण सारखीच माणसं चिडली होती असं निघायचं. रेघ पुढे सरकत होती. मी मनातल्या मनात गोष्टीसुद्धा आठवायला लागले होते.

एक्याण्णव टक्क्यांवर घोडं अडलं.

आधी आमच्याबरोबर जे चारपाच जण होते ते आपापलं पूर्ण करून चालते झाले. घेतलं की निघाले, थोडं थांबून दुसऱ्याला द्यावं ही रीत राहिलेली नाही. उरलं त्या तंत्रज्ञांचं मशीन, आणि एके दिवशी तेही यादीतून गेलं. मी वाट पाहिली. त्यांना लिहिलं, उत्तर नाही. मशीन बंद पडलं असेल, किंवा ते स्वतः. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून रडले. इतकी वर्षं आवाज नव्हता तो नव्हता, तेव्हा एवढं वाटलं नव्हतं. आता तो घरात येऊन पडला होता, दहातले नऊ हिस्से, आणि मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. विहीणबाई मागून आल्या आणि माझ्या शेजारी उभं राहून त्यांनी चहा ठेवला. पहिल्यांदाच मला त्यांचा राग आला नाही.

चहा पिताना त्या म्हणाल्या, की यादी अगदीच रिकामी नाही. एक जण अजून आहे. तोही आपल्यासारखाच अर्धवट लटकलाय. तुकडे काही क्रमाने येत नाहीत, ज्याला जो मिळेल तो. तेव्हा आपल्याकडे नाहीत ते तुकडे त्याच्याकडे असण्याची बरीच शक्यता आहे. मी विचारलं, मग देत का नाही मेला? त्यांनी स्क्रीनवर दाखवलं. एक ओळ यायची, 'जोडत आहे' म्हणायची आणि नाहीशी व्हायची. थोड्या वेळाने पुन्हा तेच. मग त्यांनी राउटरच्या सेटिंगमध्ये डोकं घातलं आणि विचारलं, की बाहेरून येणारं सगळं बंद करायला कुणी सांगितलं होतं.

तेही मीच. जावयाने राउटर आणला तेव्हा बसवायला आलेल्या माणसाला मी बजावलं होतं, की बाहेरून आत काही यायला नको. मला कुणी हवं असेल तर मी बोलावीन. जन्मभर लोकांच्या घंटा ऐकलेल्या बाईने एवढं तरी मागावं की नाही?

"तुम्ही बोलावलंत तर एरवी येतात हो," विहीणबाई म्हणाल्या. "पण तिकडेही तुमच्यासारखंच कुणीतरी बसलंय. त्याचंही दार आतून बंद. दोघं आपापल्या दारामागून हाका मारताय. कुणीतरी एकाने कडी काढल्याशिवाय भेट व्हायची नाही."

आणि मला लख्ख कळलं, पलीकडे कोण आहे ते. बंद पडलेल्या केंद्रावरच्या, विसरल्या गेलेल्या बाईच्या गोष्टी आता या जगात कुणाला हव्या असणार? आणि दार लावून घेऊन आतून वाट बघत बसणारं इतकं हट्टी माणूस मला एकच माहीत होतं. म्हणजे दोन, पण दुसरी मी.

त्यानंतर मी त्या ओळीकडे बघतच बसायची. ती यायची, जायची. दुपारी जेवणाच्या वेळेनंतर हमखास यायची, आणि धाकटीची जेवणं नेहमीच उशिरा. ती आता लॅपटॉपशी काय झटापट करत असेल, कोण मदत करत असेल, चष्म्याचा नंबर किती वाढला असेल. कॅसेट गेली तेव्हा तिलाही लागलं असेलच की. तिने ते माझ्यासमोर दाखवलं नाही, इतकंच. विहीणबाईंना मी सगळं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, मग फोनच करा ना सरळ. मी म्हटलं, आधी तिने करावा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी उठून कपडे वाळत घालायला गेले.

दार उघडण्याचं काम सोपं असेल असं मला वाटलं होतं. विहीणबाईंनी राउटरमध्ये एक नंबर टाकला, याला पोर्ट म्हणतात म्हणाल्या, आणि तपासून पाहिलं. बंद. पुन्हा केलं. बंद. त्यांचा चेहरा पडला, कारण हे त्यांच्या खात्यातलं काम होतं. शेवटी वायरीवर बोट फिरवत फिरवत त्या बाहेरच्या खोलीत गेल्या आणि चपलांच्या स्टँडमागे कंपनीचा मूळ डबा सापडला. जावयाने नवा राउटर आणून त्याच्या पुढे जोडून घेतला होता, जुना काढलाच नव्हता. घराला दोन दारं होती आणि आम्ही आतलंच उघडत होतो.

त्या दुसऱ्या डब्याचा पासवर्ड कुणालाच माहीत नव्हता. चिकटवलेल्या कागदावरची अक्षरं मी केव्हाच ओल्या फडक्याने पुसून काढली होती, अर्थात स्वच्छतेसाठी. विहीणबाईंनी आपल्याच जुन्या कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावून माझ्या हातात दिला, कारण कनेक्शन माझ्या नावावर. थंडीत घसा बसला तेव्हापासून माझा आवाज जाडसर झालाय, जुना राहिला नाही. पलीकडची मुलगी आजी आजी करत म्हणाली, की आधी डबा बंद करून चालू करा. मग सगळ्या वायरी काढून लावा. मग पुन्हा बंद करून चालू करा. विहीणबाई शेजारी बसून तिचं प्रत्येक वाक्य तिच्या आधी पुटपुटत होत्या. हेल्पलाइनवर काय बोलायचं ते शिकवणारं चोपडं त्यांनीच लिहिलं होतं. शेवटी त्यांनी फोन हिसकावून घेतला, स्वतःचं नाव सांगितलं, आणि पोरीने निमूटपणे कंपनीच्या बाजूने नवा पासवर्ड टाकून दिला.

दुसरं दार उघडलं. आम्ही दोघी स्क्रीनकडे बघत बसलो. ओळ आली, 'जोडत आहे' म्हणाली, आणि राहिली.

आकडा हलला. ब्याण्णव. त्र्याण्णव. पण मी बघत होते दुसरा आकडा, आमच्याकडून तिकडे जाणारा. तोही पळत होता. तिच्याकडे नव्हतं ते माझ्याकडून जात होतं, माझ्याकडे नव्हतं ते तिच्याकडून येत होतं. मी विहीणबाईंना म्हटलं, ती मर्यादा काढून टाका, मुलगी गोठली तर गोठू दे. त्यांनी काढली. तितक्या आनंदाने मी कित्येक वर्षांत कुणाला काही दिलं नव्हतं.

चहा गार झाला तेव्हा गाठोडं पूर्ण झालं होतं. विहीणबाई म्हणाल्या, त्यांना बाजारात काम आहे. काहीएक काम नव्हतं. त्यांनी चपला घातल्या आणि जाताना दार हळू ओढून घेतलं.

मी पहिलं रीळ लावलं. खरखर झाली, आणि मग एक बाई म्हणाली, "सरका थोडं, मलाही बसू द्या."

मी सरकले नाही. मी तिला ओळखलंच नाही.

पातळ, तरतरीत, हसरा आवाज. तिशीतली कुणीतरी, माझ्या मुलीपेक्षा लहान. शब्द आईचेच, थांबायच्या जागा आईच्याच, पण ती बाई मला परकी होती. मी दुसरं रीळ लावलं, तिसरं लावलं. मला हवी होती ती शेवटची आई, दमेकरी, खरबरीत गळ्याची, 'आहेस का गं' विचारणारी. ती रेडिओवर कधी नव्हतीच. ती कुठल्याच रिळावर नव्हती. एवढा खटाटोप करून मी एका अनोळखी तरुण पोरीला घरात बोलावलं होतं. मी ते बंद केलं आणि हात मांडीवर ठेवून बसले. माझी निराशा झाली होती आणि ती सांगायला जगात एकच माणूस होतं. तीही आत्ता हेच ऐकत बसली असेल. तिलाही वाटत असेल, ही कोण?

मी फोन उचलला. आधी कुणी करायचा, हे सगळं त्या क्षणी कुठे गेलं कोण जाणे. घंटा वाजत राहिली. उचलला गेल्याचा आवाज आला, पण पलीकडे कुणी बोलेना. एक्स्चेंजमध्ये हजारो वेळा मी पहिलं वाक्य बिनचूक बोलले होते. आता ते आठवेना. आणि माझ्या तोंडून काहीतरी निघून गेलं.

"आहेस का गं?"

पलीकडून अगदी लहान आवाजात, घाबरल्यासारखं, धाकटी म्हणाली,

"आई?"

मी म्हटलं, नाही गं, मी आहे. ताई. म्हटलं, तुझी फाइल झाली ना पूर्ण? ती म्हणाली, कसली फाइल? तिला टॉरेंट माहीत नव्हतं. तिच्याकडे कॉम्प्युटरसुद्धा नव्हता. आमच्याशी जोडलं गेलेलं ते माणूस दुसरंच कुणीतरी होतं. लहानपणी दुपारी कधीतरी त्यानेही सरकून जागा केली असेल.

मी तिला सांगायला लागले, की आईची रिळं मिळाली आहेत, पण त्यात आई नाही, आवाज वेगळाच आहे, तू ऐकलंस तर तुलाही पटेल, आणि आता आपल्याला तो कधीच मिळायचा नाही. ती मध्येच म्हणाली, ताई. मी थांबले.

"थांबू नकोस," ती म्हणाली. ती रडत होती. "बोलत राहा. काहीही बोल. अगदी तशीच ऐकू येतेस तू."

मला स्वतःला तसं काही ऐकू येत नव्हतं. मला माझाच बसलेला घसा ऐकू येत होता, दुसरं काही नाही. पण तिला येत होतं, आणि तिने कधी नव्हे ते माझ्याकडे काही मागितलं होतं. म्हणून मी बोलत राहिले. बोलण्यासारखं काय होतं? बिस्किटांचा डबा सांगितला, क्रोशाचा रुमाल सांगितला. विहीणबाई कशा गोड बोलून जीव खातात ते सांगितलं. चपलांच्या स्टँडमागचं दुसरं दार सांगितलं. पलीकडे ती ऐकत होती. लॅपटॉपवर ती ओळ अजून तशीच जोडलेली होती, तेही माणूस अजून गेलं नव्हतं. बाहेर विहीणबाई रिकामी पिशवी घेऊन परत आल्या, मला बोलताना पाहिलं आणि पायरीवरच बसल्या.